ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याच्या स्टँडवर उभी होते. संगमनेरहून येऊन जुन्नरच्या गाडीची वाट बघत होते. ट्रकांचे हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, त्यात वहिनीचा आवाज नीट ऐकू येईना. ‘वन्सं, या आता,’ एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, ‘दादाला दवाखान्यात हलवायचंय का?’ ती पुन्हा ‘या आता’ एवढंच म्हणाली… आणि मला कळलं. जुन्नरची गाडी समोर लागलेली होती, ती सोडून मी मंचरच्या गाडीत बसले. नारायणगाव मागे पडेपर्यंत डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं नाही. एकच विचार डोक्यात घोळत होता. जाताना त्याला कुणाला हाक मारावीशी वाटली असेल, तर त्याने ती मारली कशी असेल? पुढे वहिनीनं सांगितलं, की ती उशाशीच होती आणि त्यानं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. तेवढ्या माहितीवर मी अजून तग धरून आहे.

दहाव्याचा विधी उरकून आम्ही अवसरीच्या घरी परतलो, तेव्हा फडताळात ठेवलेला दादाचा मोबाइल वाजला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी उचलून बघितला. बँकेचा मेसेज होता. ‘प्रिय ग्राहक, आमच्यासोबतचा आपला गृहकर्जाचा प्रवास कसा वाटला? कृपया तारे देऊन कळवा.’ खाली पाच पोकळ तारे. वहिनी पाट उचलत होती, तिनं विचारलं, ‘काय म्हणतीय बँक?’ मी म्हटलं, ‘काही न्हाई, जाहिरात हाय.’ त्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून मी राग गिळला. पण तो खाली उतरलेला नाही. आता काही आठवडे उलटून गेलेत, माणसं आपापल्या कामाला लागलीत, तरी तो घशातच आहे. म्हणून लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ दत्तात्रय. घरात दादा, गावात दत्तूभाऊ. अवसरी बुद्रुकला त्याचं खता-बियाण्यांचं छोटं दुकान होतं, थोडी शेती होती, दोन म्हशी होत्या. पण त्याची खरी ओळख घाटावरची. आमच्याकडे गावोगावच्या यात्रांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या ज्या चढावर पळतात त्याला आम्ही घाट म्हणतो. त्या घाटावर माइक धरून गाडामालकांची नावं पुकारायची, बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटली की तिचं वर्णन करायचं, घड्याळाचे सेकंद सांगायचे, हे दादाचं काम. जुन्नर, आंबेगाव, खेड… कुठल्या गावची यात्रा आहे हे लोक नंतर विचारायचे, आधी विचारायचे, ‘माइकवर कोण हाय? दत्तूभाऊ हाय ना?’ त्याच्या आवाजाला खर्ज होता आणि वेळ आली की तो आवाज वर असा चढायचा, की पलीकडच्या शिवारातल्या बायका खुरपं थांबवून ऐकायच्या. ‘झाली… भिर्रर्र!’ ही आरोळी सगळेच देतात. पण ‘झाली’ आणि ‘भिर्रर्र’ यांच्या मध्ये तो जेवढा थांबायचा, तेवढं थांबायची हिंमत दुसऱ्या कुणाच्यात नव्हती. सगळा घाट श्वास रोखून उभा असायचा.

या आवाजाचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायचा नाही. यात्रांचे दिवस आले की घरात दही बंद. त्याला एकट्याला नाही, सगळ्यांना. का, तर समोर कुणी खाल्लं की त्याला मोह होतो. वहिनी चिडायची, आम्ही लपून खायचो. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या असायच्या. त्याच खिशात तंबाखूची पुडीही असायची, हे मी लपवणार नाही. मधल्या काळात शर्यतींवर बंदी आली, तेव्हा काही वर्षं तो दुकानात बसून गिऱ्हाइकांनाच पुकारायचा. ‘आलेऽऽ, गावडेवाडीचे पाटील आलेऽऽ, युरियाची गोणी घेऊन निघालेऽऽ…’ रागीट होता, हट्टी होता, भांडायला लागला की शेजारच्या आळीत ऐकू जायचं. पण शर्यत सुरू असताना कुणी बैलाला टोचताना दिसला, की माइकवरूनच त्याचं नाव घेऊन असा उद्धार करायचा, की त्या माणसाला पुढच्या यात्रेत तोंड दाखवायची चोरी व्हायची.

मग आवाज बसू लागला. धूळ असेल, थंडी असेल, असं म्हणत त्याने एक अख्खा हंगाम काढला. शेवटी पुण्याला तपासलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन झालं. गळ्याला कायमचं छिद्र, श्वास तिथूनच, त्यावर पातळ रुमाल बांधलेला. शुद्धीवर आल्यावर त्याने ओठ हलवले. नुसतीच हवा… मी त्याच्या हातात कागद-पेन्सिल दिली. त्याने लिहिलं, ‘म्हशींना पाणी दाखवलं का?’ मी बाहेर जाऊन रडले.

पण दादा गप्प बसणारा माणूस नव्हता. तो लिहून बोलायला लागला, लिहून हसवायला लागला आणि लिहून भांडायलाही लागला. जुन्या कॅलेंडरांची पानं, खताच्या कंपनीची माहितीपत्रकं, जे पाठकोरं असेल त्यावर. राग आला की अक्षरं मोठी व्हायची आणि कागद आपल्या नाकाशी यायचा. वहिनीनं त्यावर एक उपाय शोधला होता. भांडण नको असलं की ती चष्मा काढून ठेवायची. ‘आता काय लिव्हायचं ते लिवा, मला काय बी दिसत न्हाई.’ मग दादाचे खांदे हलायचे. त्याचं हसणं तेवढंच उरलं होतं.

या घराचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं होतं. घर गावठाणात, बांधलं तेव्हा प्रॉपर्टी कार्ड नव्हतं, म्हणून बँका दारात उभं करत नव्हत्या. कंपनीनं कर्ज दिलं, पण व्याज चढं आणि तेही दर काही महिन्यांनी आणखी चढणारं. पुढे प्रॉपर्टी कार्ड निघालं आणि एका मोठ्या बँकेनं कमी व्याजात कर्ज आपल्याकडे वळवून घ्यायची तयारी दाखवली. आजारपणानंतर दादाच्या मनानं हे एकच काम धरलं होतं. त्यानं मला लिहून दिलं होतं, ‘माझं काय ते माझ्या हातात नाही. हप्ता माझ्या हातात आहे. सुनंदाच्या एकटीच्या डोक्यावर हा एवढा हप्ता ठेवून मी जाणार नाही.’ सुनंदा म्हणजे माझी वहिनी.

वाचणाऱ्यांना वाटेल, की जुन्या वळणाचा माणूस, त्याला मोबाइलचा तिटकारा असेल. तसं अजिबात नव्हतं. आवाज गेल्यावर मोबाइल हा त्याचा मोठाच आधार झाला होता. त्याची मुलगी पल्लवी चाकणला नोकरी करते. ती दसऱ्याच्या सुट्टीत आली आणि ओसरीवर बसून तिनं बँकेचा अर्ज मोबाइलवर भरला. प्रॉपर्टी कार्ड, दुकानाची कागदपत्रं, खात्याचे उतारे, सगळ्यांचे फोटो काढून चढवले. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. दादा तोंडात बोटं घालून बघत होता. त्याने लिहिलं, ‘वा! घोडेगावच्या कचेरीच्या खेपा वाचल्या. कागदाचं राज्य संपलं.’ ही त्याची अक्षरं मी मुद्दाम सांगते आहे. तो मोकळ्या मनानं त्यांच्या दारात गेला होता.

मग ओळख पटवण्याचा व्हिडिओ कॉल आला. आधी वहिनीचा, कारण कर्जात तिचंही नाव होतं. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पडद्यावर आलेले आकडे वाचून घेतले, डोळे मिटून उघडायला लावले. चहा निवायच्या आत झालं. वहिनी हरखली. मग दादा बसला. पांढरा सदरा, गळ्याला धुतलेला रुमाल, पाठीमागे मोकळी भिंत. मी आणि वहिनी बाजूला. पडद्यावर एक तरुण मुलगी होती.

‘नमस्कार सर. आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगा.’

दादानं आधीच जाड पेनानं लिहून ठेवलेला कागद वर धरला.

‘सर, कागद नको. नाव बोलून सांगा. ऑडिओ येत नाहीये. आपला माइक चेक करा.’

दादानं रुमाल बाजूला करून गळा दाखवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘ताई, त्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांना बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं, तुम्ही विचाराल ते लिहून दाखवतील.’

‘सर, आपल्यासोबत दुसरी व्यक्ती आहे का? दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आला तर मला कॉल बंद करावा लागेल.’

आणि तो बंद झाला. मुलीवर माझा राग नाही. तिच्यापुढे जे लिहिलेलं असेल ते ती वाचत होती. पण तिनं एकदा मान वर करून त्या गळ्याकडे बघितलं असतं तर!

दवाखान्यानं दादाला एक यंत्र दिलं होतं. बॅटरीएवढं, गळ्याशी धरून बटण दाबायचं, की ओठांच्या हालचालीतून एकसुरी, गुणगुणल्यासारखा आवाज निघतो. एकदाच त्यानं ते घरात लावून बघितलं. गोठ्यातली म्हैस बुजली, आणि वहिनीनं नकळत कानांवर हात घेतले. दादानं यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात टाकलं. ‘हा माझा आवाज नाही. हे परत काढायचं नाही,’ असं लिहिलं. ज्यानं उभा घाट आपल्या आवाजावर नाचवला, त्याचं हे म्हणणं आम्ही समजून घेतलं. त्या यंत्राचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या कॉलच्या दिवशी तो स्वतः उठला, कपाट उघडलं आणि ते यंत्र घेऊन येऊन बसला. आम्हाला दोघींना त्यानं हातानंच आत जायला सांगितलं. आम्ही दाराआड उभ्या राहिलो. कॉल लागला. या वेळी कुणी मुलगा होता. ‘सर, आपलं नाव सांगा.’ दादानं यंत्र गळ्याला लावलं. ‘द…त्ता…त्र…य…’ एकेक अक्षर खेचून तो बोलत होता. दाराआड वहिनीनं पदर तोंडात धरला होता. एवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘सर, मागं मिक्सर चालू आहे का? आवाज येतोय. प्लीज तो बंद करा.’

दादानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ‘सर, मिक्सर बंद करा ना.’

मग दादानं यंत्र खाली ठेवलं… आणि दाराआड आम्हाला ऐकू आलं, ‘थँक्यू सर. आता नाव सांगा. सर? सर, ऑडिओ येत नाहीये.’

संध्याकाळी मेसेज आला. ‘ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही. अर्ज प्रलंबित.’

प्रतिसाद दिला नाही! माझ्या भावानं आयुष्यात कुठल्या हाकेला प्रतिसाद दिला नाही, ते मला कुणी दाखवावं. त्या दिवशी तर त्यानं आपला सगळा अभिमान उचलून त्यांच्या पडद्यापुढे ठेवला होता, आणि त्यांना तो मिक्सर वाटला.

गंमत अशी, की दुसरीकडे जुन्या कंपनीचं कागदावाचून पान हलत नव्हतं. कर्ज बंद करण्यासाठी हिशेबाचं पत्र हवं, तर अर्ज कागदावरच, आणि कर्जदारानं स्वतः पुण्याच्या कचेरीत येऊन द्यायचा. गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला चाकणच्या धुळीतून एसटीनं घेऊन गेलो. रांगेत बसलो. पण तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी दादानं लिहिलेलं वाचलं, दोन प्रश्न विचारले, त्याची उत्तरं वाचली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. परतीच्या गाडीत दादानं ती पोच पुन्हा काढून बघितली. मला लिहिलं, ‘हिनं मला बघितलं.’ बस, एवढंच लिहिलं.

पण त्या पत्राला मुदत होती. ती संपायच्या आत नव्या बँकेनं पैसे भरायला हवेत, आणि नव्या बँकेत तर दादाला अजून नावच सांगता येत नव्हतं. पत्राची मुदत संपली. पुन्हा पुणे, पुन्हा धूळ, पुन्हा अर्ज. त्या दुसऱ्या फेरीनंतर तो आठवडाभर खोकत होता.

आम्ही बँकेच्या शाखेत गेलो. शाखेचे साहेब ओतूरकडचे, बोलायला गोड. दादाला बघून खुर्चीतून उठलेच. ‘अहो, तुम्ही दत्तूभाऊ ना? लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तुम्हाला ऐकलंय राव!’ दादाचा चेहरा खुलला. चहा आला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही गालांवर हात ठेवून हळहळले आणि म्हणाले, ‘काय सांगू तुम्हाला… मी ओळखतो हो, पण सिस्टीम ओळखत नाही. आपलं सगळं पेपरलेस आहे. कागद घ्यायची सोयच ठेवलेली नाही.’

दादानं लिहिलं, ‘मी तुमच्यासमोर बसलो आहे.’

साहेब म्हणाले, ‘ते खरं आहे भाऊ. पण समोर बसलेलं चालत नाही, लाइव्ह लागतं.’

हे वाक्य त्यांनी हसण्यावारी म्हटलं नव्हतं. त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नाही. सज्जन माणूस होता तो. सज्जन माणसांकडूनही असं वदवून घेतलं जातं, याचाच मला जास्त संताप येतो.

मग दादानं मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. हातानं, फुलस्केपच्या दोन पानांवर, मी शाळेत असताना मला शुद्धलेखन शिकवायचा तसल्या वळणदार अक्षरात. मंचरच्या पोस्टातून रजिस्टर केलं. आपल्याला काय झालंय, आपण काय प्रयत्न केला, आणि वाचा नसलेल्या माणसानं बँकेत जायचं की नाही, हा साधा प्रश्न. बरेच दिवसांनी पल्लवीच्या ई-मेलवर उत्तर आलं. ‘प्रिय ग्राहक, आपल्याशी फोनवर झालेल्या संभाषणानुसार आपल्या तक्रारीचं समाधान झालं असून ती बंद करण्यात येत आहे.’ पल्लवीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग दादाचे खांदे हलायला लागले. तो हसतोय असं आम्हाला वाटलं. पण तो हसत नव्हता.

थंडी संपत आली होती. आजारानं पुन्हा डोकं वर काढलंय, हे तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी दादाला म्हटलं, ‘जाऊ दे ना, सोड ते कर्ज. आपण बघू नंतर.’ त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट पायांत चपला घातल्या आणि आम्ही पुन्हा शाखेत गेलो. बाजाराचा दिवस होता, शाखा भरलेली. साहेब तेच ते पुन्हा सांगायला लागले, तसा माझा तोल गेला. मी शिक्षिका होते, चढा आवाज मलाही लावता येतो. पण दादानं माझी बाही ओढली, मला खाली बसवलं आणि कागद पुढे घेतला. बराच वेळ तो लिहीत होता. साहेबांनी वाचलं आणि कागद पुन्हा टेबलावर ठेवला. रांगेतला एक शेतकरी पुढे सरकला. पारगावचा गाडामालक निघाला तो, दादाला ओळखणारा. म्हणाला, ‘काय लिव्हलंय दत्तूभाऊंनी? मी वाचू का?’ दादानं मान हलवली. त्या माणसानं कागद घेतला आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं वाचलं.

‘साहेब, मला आवाज नाही म्हणून तुमची बँक माझं काम करणार नाही. ठीक आहे. मग तेवढंच मला लिहून द्या. बँकेच्या कागदावर, तुमच्या सहीनं आणि शिक्क्यानं. मी तो कागद घेऊन घरी जातो.’

तो गाडामालक म्हणाला, ‘द्या की साहेब लिवून. आमी सगळे थांबतो. घाई न्हाई आमाला.’ मागून एक म्हातारी म्हणाली, ‘लई बेस बोल्ला ग बाई त्यो.’ बोलला… ती म्हातारी बोलला म्हणाली!

साहेबांचा चेहरा उतरला होता. असं लिहून कोण देणार? पडद्यावर ‘प्रलंबित’ म्हणायला कुणाचं नाव लागत नाही. कागदावर नाही म्हणायचं तर खाली कुणाला तरी सही करावी लागते. ते उठून आतल्या खोलीत गेले, बराच वेळ फोनवर बोलत राहिले. बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते. म्हणाले, ‘भाऊ, असा पर्याय आहे म्हणे. अडचण असलेल्या ग्राहकाची ओळख अधिकाऱ्यानं घरी जाऊन पटवायची. आधीपासूनच आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.’

आधीपासूनच होता! दसऱ्यापासून होता. ‘मागं मिक्सर चालू आहे का’ विचारलं, तेव्हाही होता.

बँकेची एक अधिकारी मुलगी घरी आली. तिनं दादाचा चेहरा आणि कार्डावरचा फोटो ताडून बघितला, नाव लिहून घेतलं, जन्मतारीख लिहून घेतली, त्याची सही घेतली. वहिनीनं केलेले पोहे खाल्ले. जाताना दादाच्या पाया पडून गेली. झालं. सगळा मामला एवढाच होता. पुढे कर्ज बँकेकडे वळलं, जुन्या कंपनीकडचे घराचे मूळ कागद बँकेत पोचले, हप्ता उतरला. दादा जिंकला, असं गावात सगळे म्हणतात. तोही तसंच समजून गेला असेल तर बरंच आहे.

पण मला ते जिंकणं वाटत नाही. बँकेनं त्याला मारलं, असंही मी म्हणणार नाही, आजार त्याचा होता. मी एवढंच म्हणते, की ऑपरेशननंतर अंगात थोडी ताकद आलेली अशी एकच थंडी त्याच्या वाट्याला आली होती. त्या थंडीत त्याला भीमाशंकरला जायचं होतं. देवापेक्षा त्याला तिथल्या रानातली शांतता हवी होती. ‘तिथे कुणीच बोलत नसतं. मी उठून दिसणार नाही,’ असं त्यानं मला लिहिलं होतं. गाडी ठरवली, ती पुण्याच्या फेरीसाठी मोडली. पुन्हा ठरवली, तर त्या दिवशी कॉल येणार होता. मग जायची ताकद राहिली नाही. ते दिवस कुठल्या सिस्टीममध्ये चढवलेत आणि कुठून परत मिळतात, हे मला त्या बँकेनं सांगावं. कागद असू दे नाही तर मोबाइल, मला दोन्हीचं सोयरसुतक नाही. पुण्यातल्या त्या बाईंनी कागदावरून माणूस बघितला, आणि त्या मुलीला पडद्यावर समोर बसलेला दिसला नाही. बघायची मुभा माणसाला दिलेली असली पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. ती फार मोठी आहे का?

चैत्रात गावची यात्रा झाली. दादा अंथरुणाला खिळला होता. खिडकीतून घाटावरचा भोंगा ऐकू येत होता. नवा निवेदक जोरात होता. दादा डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, त्याला त्रास होतोय, खिडकी लावू का? तर त्यानं बोटानं नको म्हटलं आणि कागद मागितला. ‘गडी चांगला आहे. पण नावं फार घाईनं घेतो. माणसाचं नाव सावकाश घ्यावं.’ त्यानंतर वैशाखात तो गेला.

परवा मी पुन्हा अवसरीला गेले होते, तेव्हा बँकेचा एक माणूस घराचे फोटो काढायला आला होता. कर्जदार गेल्यावर फाइलला लागतात म्हणे. दादाच्या खोलीत आला आणि पलंगाशेजारच्या भिंतीपाशी थांबला. शेवटच्या दिवसांत दादाला कागद धरवत नव्हता, तेव्हा तो सुताराच्या पेन्सिलनं पडल्या पडल्या भिंतीवरच लिहायचा. उशीच्या उंचीवर सगळी भिंत भरली आहे. ‘खिडकी उघड.’ ‘कोण आलं होतं?’ ‘नको आता.’ ‘मगाशी फार बोललो, मनावर घेऊ नको.’ तो माणूस म्हणाला, ‘काकू, एवढी भिंत रंगवून घ्या. फोटोत बरी दिसत नाही.’ वहिनी म्हणाली, ‘मग दुसऱ्या भित्तीचा काढा की. ही न्हाई मिळायची.’

तो गेल्यावर तिनं मला वाकून अगदी खालची ओळ दाखवली. अक्षरं गादीच्या कडेपर्यंत घसरलेली. मला चष्मा पुसून वाचावी लागली. ‘सुनंदा, बोल की काहीतरी.’

दिवेलागणीला ती त्या खोलीत जाऊन बसते. मी ओसरीवर होते. आतून तिचा आवाज येत होता… म्हैस आटत आलीय, पल्लवी रविवारी येतीय, मंचरला कोथिंबिरीला भाव न्हाई. सावकाश, एकेक गोष्ट. मी उठले नाही. ती बोलत राहिली.